खाशाबांचा वाटखर्च

तंजावरहून पट्टुकोट्टईच्या रस्त्याने दक्षिणेकडे निघाले म्हणजे सुमारे २२ किलोमीटरांवर ओरत्तनाडु हे गाव लागते. दुसऱ्या सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे मुक्तांबाळ हिच्या नावाने एक छत्र बांधले. रामेश्वराच्या यात्रेला जाणाऱ्यांच्या मार्गावर तंजावरच्या मराठा राजघराण्याने जी अनेक छत्रे उभारली, त्यांपैकी हे एक. दूरदेशीचा वाटसरू येथे आला तर त्याला जेवण मिळे, रात्रीचा आसरा मिळे, तो आजारी पडला तर औषधपाणी मिळे. त्याची जात कोणती आणि गाव कोणते, ही चौकशी पानावर बसल्यावर होत नसे. राज्याची सत्ता कंपनी सरकारच्या हाती जाऊ लागली तेव्हा सरफोजीराजांनी ज्या थोड्या गोष्टींसाठी रेसिडेंटाकडे आग्रह धरला, त्यांत या छत्रांची व्यवस्था होती. ज्याला लांब जावयाचे आहे त्याचा वाटखर्च ज्याच्यापाशी आहे त्याने उचलावा, हा धर्म महाराष्ट्रापासून इतक्या दूर आलेले हे मराठी घराणेही विसरले नव्हते. पुढे १८५५ साली तंजावरचे राज्य खालसा झाले. छत्राच्या भिंती उभ्या राहिल्या, पण त्यांच्यामागचा राजा गेला.

राजा जातो तेव्हा वाटसरूचे काय होते, हा प्रश्न इतिहासात फिरून फिरून येतो. स्वतंत्र भारतात तो एका मल्लाच्या आयुष्यात आला. त्याला जावयाचे होते ते रामेश्वरास नव्हे, फिनलंडच्या राजधानीस. त्याचे नाव खाशाबा दादासाहेब जाधव. त्यांच्या हेलसिंकीच्या कांस्यपदकाविषयी मराठी माणसाला अभिमान आहे आणि तो रास्तच आहे. पण त्या पदकापर्यंतची वाट कोणी आणि कशी काढून दिली, त्याची हकीकत पदकाइतकीच ऐकण्यासारखी आहे.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, कराडजवळच्या गोळेश्वर गावातला. कृष्णा-कोयनेच्या संगमाचा हा मुलूख. घर शेतकऱ्याचे आणि वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे. अशा घरी मुलाला कुस्ती शिकवावी लागत नाही. ती त्याच्या कानांवर आणि अंगावर आपोआप पडत असते. आठव्या वर्षी त्याने पंचक्रोशीतल्या एका नावाजलेल्या गड्याला दोन मिनिटांत पाडल्याची गोष्ट सांगितली जाते. कराडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण चालू असताना १९४२ चे आंदोलन आले. सातारा जिल्ह्यात त्या आंदोलनाने घेतलेले रूप सर्वांना ठाऊक आहे. या शाळकरी मुलाने भूमिगतांना आसरा देण्याचे आणि त्यांची पत्रके पोचविण्याचे काम केले. त्यानंतर तो कोल्हापुरास राजाराम महाविद्यालयात दाखल झाला.

त्या काळी कुस्तीचे शिक्षण घ्यावयाचे तर कोल्हापूरसारखे दुसरे ठिकाण नव्हते. शाहू महाराजांनी या विद्येला जो राजाश्रय दिला, त्याची साक्ष म्हणून खासबागेचे मैदान अजून उभे आहे. मध्ये खोलगट जागी आखाडा आणि भोवती चढत गेलेली बैठक. कोणत्याही कोपऱ्यात बसलेल्या हमालालादेखील मल्लाच्या पाठीला लागलेली माती स्पष्ट दिसावी, असा तो घाट आहे. गावातल्या तालमींत पहाटे तीनला दिवा लागे. जोर, बैठका, मग हौद्यातली मेहनत. तांबडी माती चाळून तिच्यात तेल, ताक, हळद घालून ती लोण्यासारखी मऊ केलेली असे. या मातीत पाय रुततो. रुतलेल्या पायावर मल्ल भार टाकतो, प्रतिस्पर्ध्याला दमवतो, वाट पाहतो. घड्याळाची घाई नसते. पाऊण तास झुंजलेल्या कुस्तीचीही लोक तारीफ करतात. निकाल एकच, पाठ मातीला लागली की चितपट. गुणांचा हिशेब नसल्याने हिशेबावरून भांडणही नाही.

खाशाबांचे शरीर या परंपरेतल्या आडदांड मल्लांसारखे नव्हते. उंची साडेपाच फुटांच्या आत-बाहेर, वजन बेताचे, चण हलकी. बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्या हाताखाली त्यांनी या उण्याचाच उपयोग करून घेतला. त्यांचा हुकमी डाव ढाक. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत घ्यावयाची, वळून आपला कंबरेचा सांधा त्याच्या पोटाखाली घालावयाचा आणि त्याच्याच वजनाने त्याला पुढे ओढून फेकावयाचे. या डावाला दांडगाईपेक्षा वेळेचे भान अधिक लागते. समोरचा गडी पुढे रेलला आहे तो क्षण चुकला की मान हातात राहते आणि आपणच खाली येतो. जपानी ज्युदोमध्ये कोशी-गुरुमा नावाचा जो पेच आहे तो याच कुळीतला. दोन दूरच्या देशांतील लोकांनी एकमेकांना न विचारता शोधलेली ही एकच युक्ती आहे. या साम्याचा संबंध पुढे यावयाचा आहे.

१९४८ साली लंडनचे ऑलिंपिक आले तेव्हा कोल्हापूर संस्थान अद्याप अस्तित्वात होते. खाशाबांच्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. सरफोजींच्या छत्राचीच ही रीत. तेथे गेल्यावर या बावीस वर्षांच्या मल्लाच्या पायांखाली प्रथमच खऱ्या अर्थाने गादी आली. मातीत रुतणारा पाय गादीवर घसरतो. मातीत दम खाता येतो. गादीवर मिनिटे मोजलेली असतात आणि पंच प्रत्येक हालचालीचे गुण टिपत असतात. पंधरा वर्षे ज्या शिस्तीत शरीर घडले ती शिस्त येथे अर्धी उपयोगी आणि अर्धी घातक होती. अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी त्यांना गादीवरच्या खुबी शिकविल्या. एवढ्या अपुऱ्या तयारीवर खाशाबांनी फ्लायवेट गटात ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला आणि अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरविले. इराणच्या मन्सूर रईसीपुढे ते थांबले. जगात सहावा क्रमांक आला.  वर्तमानपत्रांनी हॉकीच्या सुवर्णपदकाला मोठी जागा दिली, तेही योग्यच होते. पण खाशाबा परतले ते मनाशी एक हिशेब मांडून. पाच जण आपल्या पुढे आहेत, आणि ते पुढे आहेत ते गादीमुळे, बळामुळे नव्हे.

पुढची चार वर्षे त्यांनी या हिशेबात घालविली. वजन वाढवून ते ५७ किलोच्या बँटमवेट गटात आले. मातीतले डाव गादीवर बसवून पाहिले. कोणता टिकतो, कोणता टाकावा लागतो, याची पारख केली. ही मेहनत कोणाला दिसली नाही, म्हणून तिच्याविषयी फारसे लिहिलेही गेले नाही. पण हेलसिंकीला जे घडले त्याचे बी येथे आहे. एखाद्या विद्वानाने मध्यम वयात नवी भाषा शिकून तिच्यात ग्रंथ लिहावा, तसे हे काम होते.

मध्यंतरी एक गोष्ट घडली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. इतिहासाच्या दृष्टीने ते इष्ट आणि अटळ होते, यात वाद नाही. परंतु ज्या खजिन्यातून मल्लाला लंडनचे तिकीट मिळाले तो खजिना आता राहिला नव्हता. मल्लांच्या प्रवासाचे कलम नव्या राज्याच्या अंदाजपत्रकात अजून रुळले नव्हते. संस्थाने गेली ती प्रजेच्या भल्यासाठी. त्यांच्याबरोबर काही उपयोगी सवयीही गेल्या आणि त्या पुन्हा लावून घ्यावयास सरकारी यंत्रणेला बराच काळ लागला.

त्याआधी निवडीचा अडथळा होता. मद्रासला झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी देण्यात आला, असे खाशाबांचे म्हणणे होते. त्या निर्णयाने हेलसिंकीची वाट बंद होत होती. अशा वेळी बहुतेक माणसे दैवाला बोल लावून गावी परततात. खाशाबांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज स्वतः क्रिकेट खेळलेले आणि भारतीय क्रीडाक्षेत्रात वजन असलेले. त्यांना त्या म्हणण्यात तथ्य दिसले आणि त्यांनी चाचणी-कुस्त्यांत खाशाबांना प्रवेश मिळवून दिला. चाचणीत समोरच्या मल्लाला पाडून त्यांनी आपली जागा घेतली. तक्रार करणाऱ्या माणसाने तक्रारीनंतर काय करावे, याचे याहून चांगले उत्तर सुचत नाही.

जागा मिळाली, पण जाण्यास पैसे नव्हते. मग कराड आणि कोल्हापूरच्या गल्ल्यांतून वर्गणीची याचना सुरू झाली. ऑलिंपिकला निवडला गेलेला मल्ल घरोघरी आणि दुकानोदुकानी हात पसरतो आहे, हे दृश्य आज डोळ्यांसमोर आणावयासही कठीण वाटते. कोणी रुपया दिला, कोणी दहा दिले. गोळेश्वरच्या लोकांनी आपल्या ऐपतीप्रमाणे भर घातली. तरीही मोठी रक्कम कमी पडत होती. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले.

सात हजारांचे मोल त्या वेळी काय होते, हे त्या काळच्या शिक्षकाच्या पगाराशी ताडून ज्याने त्याने पाहावे. विद्यार्थ्यावर प्रेम करणारे शिक्षक पुष्कळ असतात. त्याच्यासाठी डोक्यावरचे छप्पर पणाला लावणारे थोडे. शिवाय हा विद्यार्थी काही परीक्षेत पहिला येऊन महाविद्यालयाचे नाव गाजविणार नव्हता. तो परदेशात जाऊन चितपट होऊन येण्याचाही संभव होता. लंडनला सहावा आलेला मल्ल हेलसिंकीला बारावाही येऊ शकतो. अशा बेभरवशाच्या गोष्टीवर घर लावावयाचे, याला व्यवहारात शहाणपण म्हणत नाहीत. सरफोजीराजांपाशी राज्य होते, म्हणून त्यांनी छत्र बांधले. खर्डेकरांपाशी एक घर होते.

जुलै १९५२ मध्ये हेलसिंकीत कुस्त्यांना तोंड लागले. बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडाच्या आद्रियां पोलिकाँला हरविले, मेक्सिकोच्या लिओनार्दो बासुर्तोला हरविले, जर्मनीच्या फर्डिनांड श्मित्सलाही हरविले. चार वर्षांचा हिशेब जुळत आला होता. मग समोर आला तो जपानचा शोहाची इशी.

या दोघांची गाठ पडली ती कुस्तीच्या इतिहासात जपून ठेवावी अशी आहे. इशीही १९२६ सालीच जन्मलेला. त्याचे मूळ शिक्षण ज्युदोचे. जिगोरो कानो या अध्यापकाने १८८२ साली तोक्योत कोदोकान स्थापून जपानच्या जुन्या मल्लविद्येला जी नवी शिस्त दिली, तीत तो वाढला होता. दुसऱ्या महायुद्धात जपानचा पराभव झाला आणि देशाचा ताबा घेतलेल्या विजेत्यांनी शाळांतून युद्धकलांच्या शिक्षणावर बंदी घातली. ज्युदोही तीत सापडला. तेव्हा हा तरुण पाश्चात्त्य पद्धतीच्या कुस्तीकडे वळला. म्हणजे एकाने मातीचा हौदा सोडून गादी जवळ केली होती, दुसऱ्याने गवताच्या चटईची तातामी सोडून. दोघेही परक्या भूमीवर परक्या नियमांनी लढत होते आणि दोघांच्याही अंगात आपापल्या देशाचे शेकडो वर्षांचे डाव मुरलेले होते. माथ्यावर कमी उंची, पायांत चपळाई, समोरच्याचे वजन त्याच्यावरच उलटविण्याची हातोटी. कोल्हापूरचा ढाक आणि कोदोकानची फेक एकमेकांना ओळखत असावीत.

ही कुस्ती लवकर निकाली निघाली नाही. पंधरा मिनिटांहून अधिक काळ दोघे एकमेकांना भिडले होते, आणि शेवटी निर्णय इशीच्या बाजूने गेला. इशीने पुढे या गटाचे सुवर्णपदक जिंकले. त्या ऑलिंपिकमध्ये जपानला मिळालेले ते एकमेव सुवर्णपदक. ज्युदोला स्वतःला ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले ते १९६४ साली, तोक्योत. तेथे खुल्या गटात हॉलंडच्या अंतोन गेसिंकने जपानच्या कामिनागाला त्याच्याच देशबांधवांसमोर दाबून धरले तेव्हा सारे सभागृह सुन्न झाले, असे म्हणतात. विद्या घराबाहेर गेली की ती कोणा एकाची राहत नाही. कुस्तीवाल्यांनी हे मनात ठेवण्याजोगे आहे.

हेलसिंकीतील पुढची हकीकत अधिक दुखरी आहे. इशीशी झालेल्या दीर्घ झुंजीनंतर खाशाबांना लगेच सोव्हिएट संघाच्या रशीद मामेदबेकोवशी लढण्यास बोलावण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती असावी, असा नियम होता. पण नियम पुस्तकात असून चालत नाही, तो बोलून दाखविणारे माणूस जवळ असावे लागते. त्या घटकेला भारतीय पथकाचा कोणी अधिकारी तेथे हजर नव्हता, अशीच हकीकत आजवर सांगितली गेली आहे. परक्या भाषेत आपली बाजू मांडावी कोणापुढे, हेही त्या दमलेल्या मल्लाला उमगले नसेल. तो आखाड्यात उतरला आणि हरला. मामेदबेकोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. अर्ध्या तासाच्या विसाव्याने पदकाचा रंग बदलला असता काय, याचे उत्तर कोणी देऊ शकणार नाही. परंतु गावोगावच्या लोकांनी रुपया-रुपया जमवून ज्याला इतक्या दूर पोचविले, त्याच्या शेजारी अर्धा तास उभे राहावयास एक माणूस असू नये, ही गोष्ट मनात सलत राहते.

२३ जुलै १९५२ या दिवशी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले. कोल्हापूरचेच के. डी. माणगावे त्याच वेळी फेदरवेट गटात चौथे आले. तीही कामगिरी एरवी गाजली असती. पण चौथ्या क्रमांकाला पदक नसते आणि पदक नसलेल्याला स्मरण नसते.

खाशाबा परतले तेव्हा कराड स्थानकावर माणसांचा पूर लोटला होता. शंभराहून अधिक बैलगाड्या सजवून आणल्या होत्या. ढोल-लेझीम, गुलाल, ओवाळायला दारोदारी उभ्या असलेल्या आयाबहिणी. कराडहून गोळेश्वर म्हणजे हाकेचे अंतर, पण मिरवणुकीला ते कापावयास सात तास लागले, असे सांगतात. ज्या घरांनी रुपया दिला होता त्यांना आपल्या रुपयाचे काय झाले ते पाहावयाचे होते. राष्ट्राने त्यांचे स्वागत कसे केले याविषयी फार बोलण्यासारखे नाही. गावाने मात्र त्यांना बैलगाडीतून आणले.

गुलाल उतरल्यावर खाशाबांनी पहिले काम केले ते कर्जाचे. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरविले, स्वतः त्यात उतरले आणि मिळालेल्या पैशांतून खर्डेकरांचे गहाण पडलेले घर सोडविले. ऑलिंपिक पदक मिळविलेला मल्ल पुन्हा हौद्यात उतरतो आहे आणि तोही गुरूचे घर सोडविण्यासाठी, हे ज्या प्रेक्षकांनी पाहिले असेल त्यांनी तिकिटाच्या पैशांचे चीज झाले असेच म्हटले असेल. त्यांच्या साऱ्या कुस्त्यांत ही कुस्ती कोणत्या क्रमांकाची, हे ज्याचे त्याने ठरवावे. तिची नोंद ऑलिंपिकच्या दप्तरात नाही.

१९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले. मेलबर्नच्या ऑलिंपिकची तयारी चालू असताना गुडघ्याला मोठी दुखापत झाली आणि १९५६ ची संधी गेली. आंतरराष्ट्रीय कारकीर्द तेथे संपली, वयाच्या तिसाव्या वर्षी. पोलीस दलात त्यांनी स्पर्धा जिंकल्या, पोरांना शिकविले आणि सत्तावीस वर्षे नोकरी केली. साहाय्यक आयुक्ताचा हुद्दा मिळाला तो निवृत्ती तोंडावर आल्यावर. त्यानंतर निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. सेवापुस्तिकेत जन्मतारीख, रजा, बढती यांचे रकाने असतात. कांस्यपदकासाठी रकाना नसतो, आणि ज्याला रकाना नाही ते टेबलावरून टेबलावर जाताना दिसेनासे होते. यात कोणाचा दुष्टावा शोधण्याचे कारण नाही. कागदाचा स्वभावच तसा आहे. पण कागद माणसे लिहितात, हेही खरे.

१९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या ज्योतयात्रेत त्यांना मान मिळाला. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. वय अठ्ठावन्न. स्वतंत्र भारताला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास त्यानंतरही बारा वर्षे जावी लागली. लिअँडर पेसने १९९६ साली अटलांटात टेनिसमध्ये कांस्य जिंकले तेव्हा हेलसिंकीला चव्वेचाळीस वर्षे झाली होती. मग वर्तमानपत्रांतून जुनी नावे शोधली गेली आणि अनेक तरुण वाचकांनी खाशाबा जाधव हे नाव प्रथमच ऐकले. मरणोत्तर अर्जुन पुरस्कार आला. २०१० च्या राष्ट्रकुल खेळांच्या वेळी दिल्लीतल्या कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले.

आज ऑलिंपिकला जाणाऱ्या खेळाडूच्या तिकिटासाठी कोणा प्राचार्याला घर गहाण टाकावे लागत नाही. सरकारच्या योजना आहेत, खाजगी संस्था आहेत, मार्गदर्शक, वैद्य आणि व्यवस्थापक बरोबर जातात. तंजावरच्या मुलुखातली एखादी मुलगी ज्युदोचा पांढरा पोशाख चढवून राज्य स्पर्धेला निघते तेव्हा तिच्या वडिलांना गाडीभाड्याची विवंचना असतेच. गोळेश्वरपासून ओरत्तनाडुपर्यंत ती सारखीच आहे. मोठ्या नावाची सोय होते, नाव होण्यापूर्वीच्या दहा वर्षांची होत नाही. खाशाबांना लंडनपूर्वी कोणी ओळखत नव्हते, आणि त्या काळात त्यांचा खुराक चालविला तो घराने आणि तालमीने.

गोळेश्वरला त्यांचे घर आहे. त्याचे नाव ऑलिंपिक निवास.